दोन टनांचा कॅरॅव्हॅन ट्रेलर पिकअपला झेपेल का? आधी वजनकाटा, मग ब्रेक, घाट सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझेल, ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर पिकअप आहे. एक वापरलेला कॅरॅव्हॅन ट्रेलर विकत मिळतोय, विकणारा वजन "दोन टन" सांगतोय. मे महिन्यात घरच्यांना घेऊन गगनबावड्यावरून मालवणला जायचंय. गाडी ओढेल का, आणि पैसे देण्याआधी हे तपासायचं कसं?

नुसत्या ओढण्याबद्दल विचारत असाल तर ओढेल. आपल्याकडं मिळणाऱ्या मोठ्या पिकअपांना ताकद कमी नाही. टोयोटा हायलक्सच्या ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, इसुझू व्ही-क्रॉसला ३६०. गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून चार टन धरा. सात टक्क्यांचा चढ ताशी ४० किलोमीटरनं चढायला चाकांवर साधारण ५० अश्वशक्ती लागते. या गाड्यांची इंजिनं त्याच्या तिप्पट-चौपट देतात. त्यामुळं "चढावर दम लागेल का" ही काळजी सगळ्यात शेवटची.

काळजी करायची ती तीन गोष्टींची. दोन टन मागून ढकलत असताना गाडी वेळेत थांबते का? सत्तरच्या वेगात शेजारून बस गेली तर ट्रेलर सरळ मागं येतो का? आणि हुकावर पडणारा भार मागचा ॲक्सल, पाटे (मागच्या स्प्रिंगा) आणि टायर सोसतात का? मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रेलर बांधायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. जनरेटरचे, बोटींचे आणि अलीकडं कॅरॅव्हॅनचेही ट्रेलर येतात. येणारा जवळजवळ प्रत्येक जण इंजिनाबद्दल विचारतो, ट्रेलरला ब्रेक आहेत का हे फार थोडे विचारतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागं डबल ट्रॉली बघून आपली नजर तशी तयार झालीय. ती ट्रॉली बैलगाडीपेक्षा थोड्याच जास्त वेगानं कारखान्याकडं जाते. तुम्ही हायवेला सत्तरनं जाणार आहात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक उघडा आणि ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. "ओढू नये" लिहिलं असेल तर खालचं सगळं सोडून द्या. ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमध्ये याच नावाच्या गाड्यांना ३,५०० किलोपर्यंत परवानगी आहे, हे तुम्ही व्हिडिओत ऐकलं असेल. तो आकडा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आहे. बिनब्रेकच्या ट्रेलरला तिथं ७५० किलोच्या वर जाऊ देत नाहीत. शिवाय तिथल्या गाडीचा हुक, रेडिएटर, स्प्रिंग आपल्या गाडीसारखेच असतील असं धरून चालू नका. दुसरी गोष्ट, गाडीत कितीजण बसणार आणि हौद्यात काय काय भरणार यावर बरंच ठरतं. तिसरी, पाऊस. मी खाली सांगतोय ते कोरड्या रस्त्याचं आहे. जूननंतर गगनबावड्याच्या बाजूला धुकं आणि पाणी असताना पहिल्यांदाच ट्रेलर घेऊन जाऊ नका.

ओढण्याची चाचणी नीट कशी घेतात हे बघायचं असेल तर अमेरिकेतली एसएई जे२८०७ ही पद्धत बघा. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबानं आकडा छापायची. पद्धत २००८ मध्ये आली आणि २०११ च्या मॉडेलपासून टोयोटानं ती सगळ्यांच्या आधी स्वीकारली. त्यातली चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्यावर होते. सुमारे १८ किलोमीटरांत ९०० मीटरच्या आसपास चढाई, बाहेर किमान ३८ अंश ऊन, एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. एवढ्यावर भागत नाही. १२ टक्के चढावर उभ्या गाडीनं पाच मिनिटांत पाच वेळा पुढं आणि पाच वेळा मागं, दर वेळी पाचेक मीटर सरकून दाखवायचं. त्याच चढावर हँडब्रेकनं सगळं वजन धरून ठेवायचं. ट्रेलर डोलायला लागला तर ते डोलणं किती लवकर शमतं हेही तपासतात. आपल्याकडं ती यंत्रसामग्री नाही, पण त्यामागचा विचार उचलता येतो: इंजिन-गिअरबॉक्सचं तापणं, चढावर जागेवरून उचलणं, उभं राहणं, सरळ चालणं, हे सगळं वेगवेगळं तपासायचं आणि वजन खरं ठेवून तपासायचं.

म्हणून सुरुवात वजनकाट्यावर. एमआयडीसीच्या बाजूला काटे भरपूर आहेत, तासाभराचं काम आहे. विकणाऱ्याला सांगा, ट्रेलर काट्यावर नेल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही. "दोन टन" हा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरचा किंवा अंदाजाचा असतो. त्यात पाण्याची टाकी, बॅटरी, गाद्या, भांडी, छताला मागाहून लावलेला एसी धरलेला नसतो. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वाढले.

पिकअपमध्ये टाकी फुल करा, जी माणसं जाणार तीच बसवा, सामान भरा. मग आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, नंतर अख्खी गाडी. पुढं ट्रेलर जोडा आणि पुन्हा तेच करा, ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. शेवटी सगळं एकत्र. समजा ट्रेलर नसताना पुढं ११८० आणि मागं ९६० किलो आलं, एकूण २१४०. ट्रेलर जोडल्यावर पुढं ११००, मागं १२३०, एकूण २३३०. म्हणजे हुकावर १९० किलो आलं. पण मागच्या ॲक्सलवर १९० नाही, २७० वाढलं, आणि पुढून ८० उचललं गेलं. हुक मागच्या चाकांच्याही मागं असतो, त्यामुळं तिथं दाबलं की पुढची बाजू वर उठते. सगळं मिळून काट्यावर ४०४० आलं, तर ट्रेलरच्या चाकांवर १७१० आणि ट्रेलरचं एकूण वजन १९०० झालं. हुकावरचं वजन त्याच्या दहा टक्के. बऱ्याच काट्यांवर दहा-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दिसतो, म्हणून दहा-वीस किलोच्या फरकावरून भांडत बसू नका.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? मागच्या ॲक्सलची मर्यादा आणि गाडीचं जास्तीत जास्त एकूण वजन प्लेटवर किंवा माहितीपुस्तकात असतं. हुकावरचं १९० किलो हे गाडीत भरलेल्या मालातच मोजायचं, हे लोक विसरतात. पाच माणसं, हौद्यात जनरेटर आणि बर्फाची पेटी, वरून हुकाचा भार असं करता करता मोठ्या पिकअपचीसुद्धा मर्यादा ओलांडली जाते, आणि ट्रेलर मात्र "झेपण्यातला" वाटत राहतो. काही जण अशा वेळी पाटे वाढवून घेतात. पाटे वाढवले की गाडी मागं बसायची थांबते, दिसायला छान दिसते. पण ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहिले. वजन जास्त असेल तर ते कमी करणं हाच उपाय.

हुकावर किती वजन हवं? अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के सांगतात. युरोपात कमी चालतं, पण तिथले ट्रेलर मुळातच वजन मध्यावर ठेवून बांधलेले असतात. आपल्याकडं स्थानिक बांधणीचे ट्रेलर येतात. स्वयंपाकाचा ओटा मागच्या भिंतीला, टाकी ॲक्सलच्या मागं, स्टेपनीही मागं. असा ट्रेलर उलाळ होतो, हुक वर उचलायला बघतो आणि वेग वाढला की शेपटासारखा हलतो. मी दहा टक्क्यांच्या खाली कुणाला जाऊ देत नाही. वरची मर्यादा मात्र हुकावर आणि कपलरवर (ट्रेलरचं हुकाच्या बॉलवर बसणारं तोंड) छापलेल्या आकड्यानं ठरते, आपल्या मनानं नाही. टाकी भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही वेळी वजन करून बघा. टाकी ॲक्सलच्या मागं असेल तर ती भरल्यावर हुक हलका होतो. घरून पाणी न भरता निघायचं आणि मुक्कामी भरायचं, किंवा उलट, हे तिथंच ठरतं.

काट्यावर असतानाच टेपनं चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजा, जोडण्याआधी आणि जोडल्यावर. पुढची बाजू बरीच उठली तर स्टिअरिंग हलकं होतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि रात्री तुमचे दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात.

हुकाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा माझ्या कामाचा भाग आहे. बंपरला लावलेला हुक नको. हुकाची चौकट दोन्ही बाजूंच्या चासी रेलला बोल्टनं बसलेली असावी, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, टॉर्क रेंचनं आवळलेले, आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासलेले. चासीला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागेचं पोलाद बदलतं आणि भेग तिथूनच सुरू होते. ट्रॉलीसारखी पिन आणि कडी तर अजिबात नको. त्यातल्या ढिलेपणामुळं प्रत्येक ब्रेकला आणि दर वेळी वेग वाढवताना धक्का बसतो, आणि हायवेच्या वेगात तोच धक्का ट्रेलरला डोलवायला पुरेसा होतो. बॉल आणि कपलर एकाच मापाचे हवेत. ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा कपलर, डोळ्यांना सारखेच दिसतात, पण ही जोडी ढिली राहते. दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर ट्रेलरचं नाक त्यांच्यावर पडेल, रस्त्यावर नाही.

वापरलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी बघून विकत घेऊ नका. कॅरॅव्हॅन वर्षानुवर्षं उभा असतो, नक्षी नवी आणि रबर म्हातारं. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करा. चाकांच्या बेअरिंगला ताजं ग्रीस भरल्याशिवाय चाचणीलाही निघू नका.

कागदांचं लवकर आटोपतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतःची आरसी आणि विमा हवा. हौशीनं बांधलेल्या पुष्कळ कॅरॅव्हॅनना काहीच कागद नसतात. आरसी नसेल तर आरटीओत विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि गाडीच्या विमा कंपनीकडून ट्रेलर ओढण्याबद्दल लेखी घ्या. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही, लहान मूल झोपलंय म्हणूनसुद्धा नाही.

आता ब्रेक. दोन टनांच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर माझं उत्तर नाही असं आहे, तुमची गाडी कोणतीही असो. सव्वादोन टनांच्या गाडीला आणखी दोन टन थांबवायला लावले की जोराच्या ब्रेकला अंतर जवळजवळ दुप्पट होतं. ब्रेक दोन प्रकारचे भेटतील. एकात गाडी थांबताना ट्रेलर पुढं दाबतो आणि त्या दाबानं त्याचे ब्रेक लागतात. दुसरे विजेवर चालणारे, त्यांचा कंट्रोलर गाडीत ड्रायव्हरच्या हाताशी बसवतात. घाटासाठी मला दुसरे आवडतात, कारण गाडीच्या ब्रेकला हात न लावता नुसता ट्रेलर आवळता येतो. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार आहे ना आणि ती खरंच काम करते ना, हे उभ्या ट्रेलरवर ओढून बघा.

चाचणीसाठी सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतला मोकळा, रुंद, सपाट रस्ता धरा. एकजण बाहेर उभा राहून मागंपुढं बघेल. विजेचे ब्रेक असतील तर ताशी २० ला नुसता ट्रेलरचा ब्रेक दाबा. मागून कुणी धरून ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. चाकं घासत लॉक झाली तर जोर कमी करा, काहीच जाणवलं नाही तर वाढवा. मग ३०, ४०, ५० वरून नेहमीचा ब्रेक. जमिनीवर खडूनं खूण करा, जिथं थांबलात तिथं दुसरी. हेच ट्रेलर सोडून एकदा करा. ट्रेलरसह अंतर थोडंच वाढलं तर ब्रेक आपलं काम करतायत. दीडपट झालं तर ट्रेलर स्वतः थांबत नाहीये, तुमची गाडी त्याला थांबवतेय. हे सपाटीवर समाधानकारक झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. लगेच नंतर तापमापक बंदुकीनं ट्रेलरच्या चाकांचे हब बघा. डावं-उजवं साधारण सारखं हवं. एक बाजू फारच गरम म्हणजे ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग जातंय, आणि एक बाजू गार म्हणजे तो ब्रेक लागतच नाहीये.

इथपर्यंत वजन, हुक, टायर आणि सपाटीवरचे ब्रेक झाले. यातलं एकही अडलं असेल तर घाटाची तारीख काढू नका.

डोलण्याची चाचणी पुणे-बंगळूर महामार्गावर, कागलच्या दिशेनं, सकाळी लवकर, वारा नसताना. ५० ला पाच मिनिटं, मग ६०, मग ७०. प्रत्येक टप्प्यावर स्टिअरिंगला अगदी हलकासा झटका द्या आणि आरशात बघा. ट्रेलर एकदा-दोनदा हलून शांत झाला तर ठीक. चार-पाच वेळा हलत राहिला तर तो वेग तुमच्यासाठी नाही. वेग वाढतो तसं हे डोलणं शमायला वेळ लागतो आणि एका वेगानंतर ते शमतच नाही, उलट वाढत जातं. ती रेषा जवळ आल्याचं या हलक्या झटक्यांवरूनच कळतं, म्हणून ती ओलांडून बघायची नाही. खऱ्या प्रवासात ट्रेलर डोललाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, हाताशी कंट्रोलर असेल तर नुसता ट्रेलरचा ब्रेक लावा. गाडीचा ब्रेक जोरात मारू नका. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. घरी आल्यावर सामान पुढं सरकवा आणि परत काट्यावर जा.

चढासाठी निपाणीच्या पुढचा तवंदी घाट चांगला. रस्ता रुंद आहे, मागच्यांना पुढं जायला जागा मिळते. एप्रिलमधली दुपार निवडा आणि एसी चालू ठेवा, कारण तुम्ही मे महिन्यात जाणार आहात. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायचं सॉकेट) लावायचं साधं रीडर घ्या आणि शीतकाचं व गिअरबॉक्स तेलाचं तापमान शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. ऑटोमॅटिकमध्ये माझं लक्ष इंजिनापेक्षा गिअरबॉक्सवर जास्त असतं. तेल शंभरच्या आसपास राहिलं तर चालेल. १२० कडं सरकायला लागलं तर जागा बघून थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून गार होऊ द्या. गिअर वर-खाली करत राहिला तर तो हातानं एकाच गिअरमध्ये धरा, तेल लगेच कमी तापतं. वर सुरक्षित जागी एकदा चढावर पूर्ण थांबून पुन्हा उचला, आणि हँडब्रेकवर सगळं धरतं का बघा. ट्रेलरच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे घेऊन मदतनीस बाहेर उभा हवा.

सगळ्यात अवघड परीक्षा उताराची, आणि तुमचा मालवणचा रस्ता म्हणजे उतारच आहे. चार टन वजन ५०० मीटर खाली उतरलं तर जवळपास २० मेगाज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला लागते. तेवढ्यात साठेक लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकमध्ये घातली तर पॅडल खाली जायला लागतं आणि जळका वास येतो. ती इंजिनावर घालायची. घाटमाथ्यावरच गिअर खाली घ्या, दुसरा किंवा पहिला, आणि वेग वाढायला लागला की ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग खाली आणा आणि पाय काढा. हलका पाय ठेवून सतत घासत उतरणं सगळ्यात वाईट. ही पद्धत आधी तवंदीच्या उतारावर घोटा. उतरल्यावर पुन्हा हबची तापमानं घ्या. गाडीचे ब्रेक भाजलेले आणि ट्रेलरचे कोमट असतील तर ट्रेलरचा ब्रेक वाढवायला हवा.

हे सगळं जमल्यावरच गगनबावडा. पहिली फेरी कुटुंबाशिवाय, दिवसा, आठवड्याच्या मधल्या वारी करा. गगनबावड्याहून खाली उतरणारा करूळ घाट चालू आहे का हे आधी विचारून घ्या. तो बंद असेल तर शेजारच्या भुईबावडा घाटानं ट्रेलर नेऊ नका. आंबोली किंवा फोंडा घाटाचा विचार करा, वळसा पडला तरी चालेल. वळणांवर ट्रेलरची चाकं तुमच्या चाकांपेक्षा आतून जातात, डोंगराकडच्या गटारीत उतरू शकतात. त्यामुळं वळण थोडं उशिरा घ्या आणि एसटी समोरून येताना दिसली तर आधीच रुंद जागेत थांबा.

ट्रेलर अजून घेतला नाहीये, तेव्हा आधी एवढं करा. काट्याच्या पावत्या, कमानींच्या उंचीची मापं, टायरवरची तारीख आणि कपलरवरच्या छापाचा फोटो पाठवा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढं आहे की मागं, तेही लिहा. ती मागं असेल तर पुढं घेता येते का आणि त्याला किती खर्च येईल, हे मी बघून सांगतो, म्हणजे किंमत ठरवताना तो आकडा तुमच्या हातात असेल.